पालथा झीरो

आज मी आखलेले सर्किट बोर्ड आले. हातात घेतल्यावर माझी नजर आधी भोकांकडे जाते. त्यावर बसणारा रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू 65 बाय 30 मिमीचा, कोपऱ्यांतल्या भोकांची अंतरं 58 आणि 23. एम2.5चे पितळी स्टँडऑफ अलगद बसले, स्क्रू कुठे अडला नाही. जीव भांड्यात पडला.

खरी मेख 40 पिनांच्या हेडरची. दोन पिनांमध्ये 2.54 मिमी, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारं अंतर, म्हणूनच माणूस गाफील राहतो. झीरो पालथा बसवायचा म्हटलं की दोन्ही रांगांची अदलाबदल होते. एक नंबरच्या पिनेवर 3.3 व्होल्ट, शेजारच्या दोन नंबरवर 5. हे उलटलं की 5 व्होल्ट थेट 3.3च्या घरात घुसतात, आणि चिप खलास. म्हणून मी आराखडा एकास एक मापात छापतो, पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि खरा झीरो त्यावर टेकवून बघतो. स्क्रीनवर काय, सगळंच जुळतं!

झीरोच्या अँटेनाच्या समोर बोर्डवर तांबं ठेवलेलं नाही. वायफायला ते खपत नाही.

झीरोऐवजी कॉम्प्युट मॉड्यूल 4चा मोह झाला होता. 100 पिनांचे दोन कनेक्टर, पिनांमध्ये जेमतेम 0.4 मिमी. देखणं प्रकरण, पण हाताने सोल्डर करणाऱ्याचा अंत पाहणारं. आणि गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायला एवढा थाट हवाय कशाला?

आता सॉकेट. आधी दोन टोकांच्या पिना, सरळ बसलंय ना ते बघून मग बाकीच्या. वीज द्यायची ती मल्टिमीटरने 5 व्होल्ट आणि ग्राउंड तपासल्यावरच, उद्या सकाळी.