तिथीची पाऊणपट

अलिबागला रस्त्यानं निघालेला माणूस पेण-वडखळच्या कोंडीत निम्मा दमून जातो. गेटवेवरून लाँच धरणारा तासाभरात मांडव्याच्या धक्क्यावर उतरतो. मी लाँचवाल्यांतला. वेळ वाचतो हे खरं, पण मला ओढ असते ती पाण्याची. परगावी जायचं तर वाटेत पाणी लागावं, असं मला मनापासून वाटतं. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोट सुटते, तिच्यात गाडीसकट चढता येतं, आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात तेव्हा तिचाच आधार असतो. तरीही हवा चांगली असेल तर मी पिशवी खांद्याला लावून गेटवेलाच जातो.

लाँचवर सगळेच काही सहलीला निघालेले नसतात. या खेपेला माझ्या शेजारी एक गृहस्थ एक्स-रेचा मोठा लिफाफा मांडीवर आडवा धरून बसले होते. मुंबईच्या दवाखान्यात दाखवून घरी परतत होते. पलीकडच्या बाकाखाली लग्नघराची खरेदी दोरीनं बांधून ठेवलेली. वरच्या डेकवर कॉलेजची पोरं सीगल पक्ष्यांना कुरकुरे उडवत होती. ते खाणं पक्ष्यांचं नव्हे, त्यांना ते घालू नये. पण पोरांचा आनंद खोटा नव्हता. याच मिसळीत अलिबागची सगळी गंमत आहे. हे गाव एकाच वेळी कुणाचं घर असतं आणि कुणाची सुट्टी.

मांडव्याहून पुढची बस तिकिटातच धरलेली असते. झिराड, चोंढी, किहीमचा फाटा. किहीम म्हटलं की मला सलीम अलींची आठवण होते. 1930 साली याच गावात राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा संसार दिवसचे दिवस पाहिला होता. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगायला नुकती सुरुवात झाली होती. खंडाळे, नेहुली, वाडगाव या भागात भात निघाल्यावर त्याच खाचरांत हा कांदा लावतात. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पातीसकट वळून केलेली ती माळ हातात घेतली की कांदा किती हलका, किती कोरडा आहे ते कळतं. आणि तिखट तर तो नसतोच.

अलिबागच्या स्टँडजवळ मिनीडोअरमध्ये बसून मी नागावला उतरलो. आक्षीची खाडी ओलांडली की रस्ता वाड्यांच्या सावलीत शिरतो आणि दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात: कॉटेज, घरगुती जेवण, शाकाहारी-मांसाहारी, गरम पाणी. माझी खोली अशाच एका वाडीत होती. पुढे घर, मागे विहीर, तिच्यामागे पोफळी आणि माड, आणि पोफळींच्या रांगेत बांधलेल्या चार खोल्या. काकूंनी किल्ली देताना विचारलं, "जेवायला काय करू? बोंबील मिळालेत आज ताजे. की बिरडं चालेल?" मी दोन्हीला हो म्हटलं. त्यांनी तेही मनावर घेतलं.

पहिल्या संध्याकाळी माणूस कुठेच नसतो. पिशवी उघडून पाहावी, परत बंद करावी. समुद्रावर जावं तर अंधार पडत आलेला, खोलीत बसावं तर समुद्राचा आवाज बसू देत नाही. मी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. पंप चालू होता आणि पाटाचं पाणी एकेका आळ्यात शिरत होतं. एक आळं भरलं की काकू फावड्यानं मातीचा बांध फोडायच्या, दुसरीकडे घालायच्या. काही माड जुने, खूप उंच. मध्येच मोकळी जागा. आणि त्या जागेत माणसाएवढी नवी रोपं.

"निसर्गात गेले," काकू म्हणाल्या. 3 जून 2020 चं ते निसर्ग चक्रीवादळ. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या त्यानं दुपारभरात आडव्या केल्या. पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. माड लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पोफळीलाही तितकाच धीर धरावा लागतो. तोवर घर कशावर चालायचं? "या चार खोल्यांवर," काकू म्हणाल्या. "तुम्ही लोक आलात म्हणून परत रोपं लावता आली."

त्या वाक्यानं माझी शनिवारकडे पाहायची नजर बदलली.

शनिवारी दुपारपासून गाड्या लागल्या. पुण्याच्या, ठाण्याच्या, नवी मुंबईच्या. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही: बनाना राइड, पॅराशूट, घुंगरांच्या घोडागाड्या, भेळ, मक्याची कणसं, वाळूत बापाला गळ्यापर्यंत पुरणारी पोरं. ओहोटी लागली होती. घाटावरचं एक कुटुंब माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभं होतं. नातू आजीला पाण्यात ओढत होता. आजी म्हणाल्या, "थांब रे, आधी पाया पडू दे." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, कमरेच्या पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली, ओल्या वाळूवर चिमूट चिमूट वाहिली, लाटेचं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. मागून बनाना राइडवाला शिट्टी मारत होता. मग पदर खोचून त्या गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि पायाखालची वाळू सरकली तशा लहान मुलीसारख्या ओरडल्या.

"अलिबाग आता पूर्वीचं राहिलं नाही," असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. मला ते पटत नाही. हा किनारा एकांताचा कधी नव्हताच. नागावच्या पुढे काही मैलांवर चौल आहे, दोन हजार वर्षांचं बंदर. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन 1469च्या सुमारास तिथे उतरला, आणि आपल्याला पाहायला लोक मागे मागे येतात याचं त्यालाच नवल वाटलं होतं. बेने इस्रायल ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागले असं ते परंपरेनं सांगत आले. इथे ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाले, आणि मराठी त्यांची घरची भाषा झाली. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी कोट बांधला. आलेल्याला जेवू घालणं, त्याच्याकडून चार पैसे घेणं आणि राहिला तर सामावून घेणं, हा या किनाऱ्याचा जुना धंदा आणि जुना स्वभाव आहे.

मला सलतं ते वेगळंच. वाळूवर थेट पाण्याच्या कडेपर्यंत घातलेल्या मोटारी, सुरूच्या बनात फेकलेल्या बाटल्या, आणि कोळ्यांना एक शब्द न विचारता पाण्यात शिरणारी तरणी पोरं. कुलाबा किल्ल्यात भरतीची वेळ न पाहता चालत जाणारे आणि मग अडकणारे. किल्ला ओहोटीला पायी जाण्याजोगा, आणि भरतीला चारी बाजूंनी पाणी: शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या आणि कान्होजी आंग्र्यांनी नांदवलेल्या या जागेची सगळी ताकद त्या पाण्यातच होती. आत गोड्या पाण्याची विहीर, गणपतीचं देऊळ. वेढा पडला तरी आतला माणूस तहानेनं मरायचा नाही. त्या पाण्याचं वेळापत्रक न विचारता तिथे जायचं, हा मला किल्ल्याचाच अवमान वाटतो.

ते वेळापत्रक मला मंगळवारी कळलं. गर्दी ओसरली होती. आक्षीच्या खाडीत होड्या नांगरून उभ्या, आणि एक म्हातारे तांडेल तुटलेलं जाळं सांधत बसले होते. आपण मोबाइलवर भरतीची वेळ शोधतो. ते मात्र म्हणाले, "तिथी धरा. तिथीची पाऊणपट करा. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी." पुनवेला, अवसेला भरती जवळजवळ बारावर येते. रोज पाऊण तासानं पुढे सरकते. चंद्राच्या मागे समुद्र, इतकं सरळ. "पण अष्टमीला भांग असतो," त्यांनी बजावलं. "पाणी नीट ओसरत नाही. किल्ल्यात पायी जायचं तर उधाणाच्या बाजूची तिथी बघायची."

त्यानंतर माझा दिवस आपोआप बसत गेला. भरती-ओहोटी पाहून फिरायला, मासे आले की बाजारात, पाट सुटला की विहिरीपाशी. एका रात्री शेजारच्या वावरात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी. मडकं उपडं घालून भोवती जाळ. मला कुणी वेगळं बोलावलं नाही, नुसती द्रोणात शेंगा घालून हातात दिल्या. भांबुर्ड्याचा तो कडसर वास दुसऱ्या दिवशीही बोटांना होता.

पुढच्या शनिवारी पुण्याहून दोन जोडपी आली. सामान उतरवायच्या आधीच एकानं विचारलं, "किल्ल्यावर कधी जाता येईल हो?" काकू आत भाकऱ्या थापत होत्या. मीच म्हणालो, "आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे तीनच्या सुमाराला ओहोटी. जेवून दोनला निघा आणि साडेचारच्या आत परत फिरा." आतून काकू ओरडल्या, "साडेचार नको, चारलाच फिरा म्हणावं. लहान मूल आहे बरोबर."