कार्ल्याला गेलात तर उंबरखिंडही बघा

मैत्रिणींनो, कार्ल्याला तुमच्यापैकी बऱ्याचजणी जाऊन आल्या असतील. एकवीरा आईची ओटी भरायची, शेजारच्या लेण्यातला तो भव्य चैत्य आणि त्याच्या लाकडी कमानी बघायच्या, लोणावळ्याची चिक्की घ्यायची की निघालो घरी! पण पुढच्या खेपेला पायऱ्या उतरण्याआधी जरा थांबा. समोर इंद्रायणीचं खोरं आणि पलीकडे लोहगड-विसापूर दिसतील. हाच तो मावळ. इथल्या डोंगररानात झालेल्या एका लढाईची जागा लोणावळ्यापासून जवळच आहे, पण तिथं फारसं कुणी वाकडी वाट करून जात नाही.

१६६० साली शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसला. कल्याण-पनवेलकडचा कोकणचा मुलूख महाराजांकडून घ्यावा म्हणून त्यानं कारतलबखानाला पाठवलं. खानानं रहदारीचा बोरघाट सोडून कुरवंड्याची वाट धरली. नागफणीच्या कड्याशेजारून ती खाली उंबरखिंडीत उतरते. फौज मोठी, वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंना गच्च रान. त्या रानात शिवाजीमहाराजांची माणसं आधीच दबा धरून बसली होती. तारीख होती २ फेब्रुवारी १६६१. फौज खिंडीत पुरती शिरली आणि पुढची-मागची वाट बंद झाली. वरून बाण, गोळ्या, दगड! पळायला जागा नाही, घसा ओला करायला पाणी नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बळकावलेल्या नॉर्वेच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या कमांडोंनी छापे घातले, ते नकाशे आणि हेरांच्या बातम्या हाताशी धरून. मावळ्यांना नकाशा कशाला हवा? ही रानं त्यांच्या पायाखालचीच होती.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते खानाबरोबरच्या एका बाईबद्दल. तिचं नाव रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही विधवा स्वतः रणात उतरलेली, बादशाहाकडून किताब मिळवलेली. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. खानानं सल्ला विचारला, तेव्हा तिनं आडपडदा ठेवला नाही. या रानात शिरलात तिथंच फसलात, आता शरण जा, असं तिनं बजावलं. भर फौजेत, सरदाराच्या तोंडावर! खानानं ऐकलं, महाराजांनी अभय दिलं. खजिना, शस्त्रं, सामानसुमान तिथंच ठेवून उरलेले सैनिक जीव घेऊन परतले. तिनं नुसती मान डोलावली असती, तर आणखी किती घरचे कर्ते पुरुष त्या खिंडीत राहिले असते, विचार करा.

उंबरखिंड घाटाखाली आहे. खोपोलीहून पालीच्या रस्त्यानं निघून चावणी गाव विचारा. तिथं अंबा नदीकाठी स्मारक आहे. मुंबईकडच्या मैत्रिणींना खोपोलीपर्यंत लोकल आहे. पुण्याकडच्यांनी मळवलीला उतरून सकाळी कार्ले करावं आणि मग घाट उतरावा. पावसाळ्यात नदीला पाणी असतं, तेव्हा मुलं बरोबर असतील तर थंडीतच जा. चपलेऐवजी बूट घाला, डबा आणि भरपूर पाणी घ्या.

मुलं महाराजांच्या युक्तीची गोष्ट आवडीनं ऐकतीलच. ती संपली की रायबागनचीही सांगा, आणि मुलग्यांना तर आवर्जून सांगा, बरं का!