ओझे कुणाच्या मानेवर

कार्तिक संपत आला. धानाचे कडपे उचलून झाले, पुंजणी उभी राहिली. यंदा भाड्याच्या ट्रॉलीची वाट पाहायची नाही, स्वतःची घ्यायची, एवढे घरात ठरले आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी. दोनचाकी की चारचाकी?

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन. नवराबायकोला वर्षभर देश हिंडायचा आहे, गाडीमागे घर जोडून. "मामाजी, फिफ्थ व्हील घेऊ का ट्रॅव्हल ट्रेलर?" म्हटले, आधी दोन्ही काय असते ते सांग. अर्धा तास ऐकले आणि हसू आले. इकडे माझ्या गावी, दिघोरीत, मी ज्यावर आठवडाभर अडून बसलो होतो, तेच हा तिकडून मला विचारत होता.

*

त्याने सांगितले ते असे. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या पाठीमागे, बंपरखाली असलेल्या लोखंडी गोळ्यावर बसतो. दणकट जीप असली तरी चालते. फिफ्थ व्हीलला मात्र पिकअपच लागते. तिच्या उघड्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, एक जाड लोखंडी तबकडी बसवलेली असते. घराच्या पुढच्या भागातून खाली आलेली जाड पिन त्या तबकडीच्या जबड्यात अडकते. म्हणजे घराचा पुढचा भाग पिकअपच्या पाठीवर चढून बसतो.

मी त्याला म्हटले, एक खांद्यावर, दुसरे शेपटीला. बैलाला विचार कोणते सोसते.

*

आकडेही लिहून घेतले. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५ टक्के पिनवर येतो. घर भरून ५ टनांचे धरले तर पहिल्यात ५००–७५० किलो गाडीच्या शेपटीवर, दुसऱ्यात टनभर पिकअपच्या पाठीवर. म्हणून दुसऱ्याला ओढणारी गाडीच मोठी घ्यावी लागते. घर घ्यायला गेले की बैलही महाग घ्यावा लागतो, असा तो हिशोब.

गोळ्यावरचा भार १० टक्क्यांखाली गेला की मात्र खरी गंमत. मागचे घर रस्त्यावर शेपटीसारखे डोलू लागते. गोळा मागच्या आसापासून दूर असतो, त्यामुळे घराचा प्रत्येक हेलकावा पुढच्या गाडीला तरफेसारखा फिरवतो. पिन आसाच्या वरच असली तर ती तरफच मिळत नाही. फिफ्थ व्हील स्थिर चालते आणि अरुंद वळणही घेते, ते यामुळे.

*

हे पाहायला अमेरिकेला जायचे कारण नाही. साकोलीला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अर्धा तास उभे राहा. भिलाई-रायपूरकडून पोलाद घेऊन येणारे लांब ट्रेलर जातात. पुढच्या इंजिनाच्या तुकड्याला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात. घोडा वेगळा, मागचा डाला वेगळा, आणि डाल्याचे तोंड घोड्याच्या पाठीवर तबकडीत अडकलेले. तेच फिफ्थ व्हील. फरक एवढाच, की भाच्याच्या डाल्यात पलंग आणि स्वयंपाकघर आहे.

*

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'ट्रेलर' आणि 'सेमी-ट्रेलर' यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या गाडीवर चढलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही वाटा ती गाडी पेलते, तो सेमी-ट्रेलर. वकिलाने हे दोन ओळींत लिहिले. बैलबंडीवाल्याला वजनाच्या या वाट्यासाठी दोनच शब्द पुरत.

*

उलाळ. धुरजड.

बंडीत मागे जास्त भरले की जू वर उचलते, बैलाच्या गळ्याला सापत्या आवळतात. ती बंडी उलाळ. पुढे जास्त भरले की सगळे ओझे मानेवर येते, बैल गुडघ्यावर येतो. ती धुरजड. तणसाची बंडी भरताना वडील मधूनच खाली उतरून जू हाताने उचलून पाहत. थोडे जड लागले पाहिजे, पण एका माणसाला उचलता आले पाहिजे. ते १० ते १५ टक्के त्यांच्या तळहातात होते.

*

आता आमची गोष्ट. दोनचाकी ट्रॉलीचा आस मध्याच्या थोडा मागे असतो, त्यामुळे भाराचा काही वाटा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चारचाकी आपले वजन आपल्याच चार चाकांवर पेलते, ट्रॅक्टर तिला नुसता ओढतो.

वाटते, चारचाकीच बरी, ट्रॅक्टरला त्रास नाही. पण चिखलात उलटे होते. ट्रॅक्टरची मागची चाके जमीन पकडतात ती त्यांच्यावरच्या वजनामुळे. दोनचाकी आपले थोडे वजन त्या चाकांवर टाकते आणि त्यांना पकड देते. चारचाकी वजन देत नाही, फक्त ओढ मागते. ओल्या बांधीत ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी फिरतात, खड्डा खोल होत जातो, आणि शेवटी दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन लावायला बोलवावे लागते.

दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या चारचाकीने मला हे शिकवले. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. धुऱ्यापासून रस्ता शंभर पावले, आणि त्या शंभर पावलांना दुपार गेली.

*

दोनचाकीचे दुखणेही लिहून ठेवतो. हुकावर वजन फार झाले की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. चढावर स्टिअरिंग फिरवले तरी पुढची चाके ऐकत नाहीत. आणि भार मागे सरकला तर ट्रॉली उलाळ होऊन हुक वर ओढते, म्हणजे पकडही गेली. कट्टे भरताना जड थर आसाच्या पुढे, हे हमालाला दर खेपेला सांगावे लागते.

*

धान खरेदी केंद्रावर मात्र चारचाकी राजा. ४० किलोचा कट्टा, ७५ कट्टे म्हणजे ३० क्विंटल. २०२५-२६ चा साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २३६९ रुपये, म्हणजे ७१,०७० रुपये एका खेपेत रांगेत उभे. गर्दीत नंबर आज लागेल की परवा, सांगता येत नाही. चारचाकी पिन काढून तशीच उभी ठेवता येते, ट्रॅक्टर घरी नेऊन उन्हाळी धानाच्या कामाला लावता येतो. दोनचाकीला तोंडाखाली टेकू लागतो. भरलेली असली आणि जमीन मऊ असली की टेकू रुततो, आणि रात्रभर तिच्याजवळ कुणीतरी झोपावे लागते.

*

मागे घेणे. दोनचाकी मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवायचे, हे आठवड्यात जमते. चारचाकीला दोन सांधे, एक हुकाशी आणि एक पुढच्या आसाशी. तिला मागे घेणारा पोरगा गावात हिरो असतो. बाकीचे उतरून ट्रॉली सोडतात आणि माणसे लावून ढकलतात.

*

नावाची गंमत आज कळली. 'पाचवे चाक' हे नाव घोडागाड्यांच्या काळातले. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवत, ते पाचवे चाक. आमच्याकडच्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर वळायला तेच कडे आहे. म्हणजे नाव भाच्याच्या घराला मिळाले आणि वस्तू माझ्या दारात येऊ शकते.

१९१४ साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागे नेण्यासाठी अर्धी गाडी बांधून दिली. पुढे तिलाच सेमी-ट्रेलर म्हणू लागले. शेवटी सगळ्या वाटा लोहाराच्या भात्यापाशी जातात.

*

चाकावरचे घर आपल्याकडे नवे नाही. गाडी लोहारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत राहिली. चित्तोड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचे नाही, अशी पूर्वजांची शपथ ते सांगतात. महाराष्ट्राने कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणले ते २०२१ मध्ये. एकाला चाकावर राहणे ही हौस, दुसऱ्याला तो जन्म.

*

ट्रॉली बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारले, काय घेऊ? वेल्डिंगचा चष्मा वर करून म्हणाला, "भाऊ, तुमची वाट सांगा, मंग ट्रॉली सांगतो."

*

भाच्याला हेच कळवले. एका गावी महिना-महिना राहणार असाल, पिकअप घ्यायची तयारी असेल, तर फिफ्थ व्हील. घरची जीप तीच ठेवायची असेल, रोज नवा मुक्काम असेल, तर ट्रॅव्हल ट्रेलर, पण हलका, आणि सामान भरताना मागे जड नको. निघण्याआधी गोळ्यावरचा भार मोजून घे. आजोबा हाताने मोजत, तू काट्यावर मोज.

*

दोन्ही ट्रॉल्यांना लागू असलेली गोष्ट शेवटी लिहितो, कारण ती विसरली जाते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. रात्री रस्त्याच्या कडेला उभी, मागे दिवा नाही, रेडियम नाही, अशा ट्रॉलीत मोटारसायकली घुसतात. नवी ट्रॉली कोणतीही येवो, पहिला खर्च लाल रेडियम पट्टीचा. आणि हुकाच्या पिनला वरून साखळी.

*

निर्णय. माझ्या वाटेतला चांगला भाग डांबरी आहे, वाईट भाग शंभर पावलांचा आहे. पण धान अडते ते त्या शंभर पावलांत. दोनचाकी घेतो. केंद्रावर टेकूखाली जाड फळी टाकू आणि पाळीने झोपू.