बंद पडलेल्या होडीचं शीड

कॅटमरान हा शब्द साहेबाने आपल्याच पूर्व किनाऱ्यावरून उचलला. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. चार ओंडके दोराने आवळायचे आणि समुद्रात घालायचे. एक कुजला की दुसरा आणायचा. 'पार्ट मिळत नाही' ही भानगडच नाही! आमच्या गोव्यातल्या रापणीच्या होड्यासुद्धा काथ्याने शिवलेल्या असायच्या. शिवण सैल झाली की उसवायची आणि परत शिवायची. (पुढे हेच नाव दोन जोडहोडक्यांच्या होडीला चिकटलं, जी खरी पॉलिनेशियाकडची. असो.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हैदराबाद. तुम्ही म्हणाल, तिथे कुठला समुद्र? समुद्र नाही, पण कुतुबशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेला हुसेनसागर आहे. तलावात १९९२ पासून उभा असलेला बुद्ध आपण चित्रात पाहिलेला असतो, पण त्याच्या आसपास शिडाच्या होड्या फिरतात हे सांगितलं तर गोंयकाराला पटत नाही. सिकंदराबादेत लष्कर मोठं, आणि हा खेळ तिथे रुजला तो बराचसा त्या मंडळींमुळे. जुलैत मोसमी वाऱ्यावर शर्यतीही होतात.

माझा एक मित्र मूळचा फोंड्याचा. नोकरीसाठी तिकडे गेला तो तिथलाच झाला. त्याच्याकडे जुनी होबी १४ आहे. कॅलिफोर्नियात लाटांवरच्या फळ्या बनवणाऱ्या होबी आल्टर या माणसाने १९६८ च्या सुमारास ही होडी आणली. चौदा फूट लांब, एकच शीड, एकट्या माणसाला वाळूवरून ढकलत नेता येईल अशी. तिची थोरली बहीण होबी १६ जगभर गाजली. १४ मात्र मागे पडली आणि अमेरिकेत तिचं उत्पादनही थांबलं. मित्राचं शीड चार ठिकाणी फाटलेलं. मुलगी नववीत, तिला यंदाच्या पावसाळ्यात शिकवायचं ठरलेलं. एका विक्रेत्याने उत्तर पाठवलं, "तुमचं मॉडेल बंद झालंय, नवी होडी घ्या." नवी होडी! तेवढ्या पैशांत मुलीचं कॉलेज होईल.

पण थोडं खोदल्यावर कळलं की होडी बंद झाली म्हणजे तिचा प्रत्येक तुकडा बंद झाला असं नसतं. सुकाणूचे ओतीव भाग १४ ला आणि १६ ला तेच लागतात, आणि १६ अजून बनते. म्हणजे शोधताना '१४' विचारायचंच नाही! मधली जाळी, जिच्यावर माणूस बसतो, ती लॉरीच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या सिकंदराबादच्या एका कारागिराने जुनी समोर ठेवून शिवून दिली. कड्यासुद्धा त्यानेच ठोकल्या. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांत मात्र त्याने काटकसर केली नाही, आणि बरोबरच केलं. तार तुटली की काठी डोक्यावर येते.

खरी गोम शिडाची. जुनं शीड शिंप्याला देऊन 'हुबेहूब असंच' म्हणण्याची सोय नसते. वर्षानुवर्षं वारा खाऊन कापड ताणलेलं असतं. त्याची नक्कल केली की ढिलेपणाचीही नक्कल होते. शीड सपाट नसतंच मुळी. पट्ट्या किंचित वक्र कापून जोडतात, तेव्हा त्याला पोट येतं, आणि त्या पोटावरच होडी चालते. मुंबईच्या एका शीडवाल्याने म्हणूनच आधी डोलकाठी मोजायला सांगितली. शिडाच्या कडेत शिवलेला दोर काठीच्या खाचेत सरकतो. तो जाड झाला तर अडकतो, बारीक झाला तर वाऱ्यात बाहेर ओढला जातो. वर शीड आकड्यात अडकतं, म्हणून उंची दोन बोटं जरी जास्त झाली तरी खाली ताणायला जागा उरत नाही. जुनं शीड उपयोगी पडलं ते आडव्या फायबरच्या पट्ट्या नेमक्या कुठे येतात हे दाखवायला.

होबीच्या शर्यतीत कंपनीचंच शीड लागतं, असा नियम आहे. पण तिथे शर्यत लावायला दुसरी १४ आहेच कुठे? बंद पडलेल्या होडीला एवढं स्वातंत्र्य मिळतं. मला ते आवडलं.

हुसेनसागरात मीठ नाही, त्यामुळे आपल्याकडे ॲल्युमिनियमला जी कीड लागते ती तिथे कमी. पण दख्खनचं ऊन भयंकर. ते आधी शिवणीचा धागा खातं, मग कापड. म्हणून जुनं शीड आता नव्या शिडावर पांघरूण म्हणून असतं.

नवं शीड जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. पांढरंशुभ्र. मुलीला जुन्यासारखे रंगीत पट्टे हवे होते, तिने नाक मुरडलं. बापाने दोर ओढला, शीड खाचेतून न अडखळता वर गेलं आणि आकड्यात 'टक्' करून बसलं.