राजकन्येच्या वाट्याला काय येतं?

नव्वदच्या दशकात वाढलेल्या माझ्या पिढीला राजकन्या भेटली ती टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये. कॅसेट घालायची, मारिओला उड्या मारत उजवीकडे पळवायचं आणि किल्ल्यामागून किल्ले पार करून शेवटी तिला सोडवायचं. 1985च्या त्या खेळात तिला स्वतःला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याआधी 1981 साली ‘डाँकी काँग’मध्येही एक बाई माकडाच्या तावडीत सापडून सुटकेची वाट बघत उभी होती; दोन्ही खेळ शिगेरू मियामोतो यांचेच. आता ती पिढी आईबाप झाली आहे, गेम मोबाइलवर आला आहे आणि राजकन्याही बदलली आहे. पण ती किती बदलली हे मोजताना आपण बहुधा चुकीच्या जागी बघतो. खेळात स्त्रिया किती आणि त्यांचे कपडे केवढे, यावरच वाद रंगतो. माझ्या मते खेळातला साचा चित्रात कमी आणि नियमात जास्त असतो. कादंबरीतली अबला आपण वाचतो, सिनेमातली पाहतो. खेळात मात्र तिला सोडवण्याचं काम आपलाच अंगठा पुन्हा पुन्हा करतो आणि त्याचं बक्षीसही आपल्यालाच मिळतं. म्हणून बघायचं ते हे, की बटण दाबल्यावर त्या बाईला काय करता येतं आणि खेळ जिंकल्यावर तिचं काय होतं.

याची सर्वांत बोलकी साक्ष 1986च्या ‘मेट्रॉइड’मध्ये आहे. जाड चिलखतातला एक योद्धा परग्रहावर एकट्याने लढतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता. खेळ ठरावीक वेळेत संपवला की चिलखत उतरतं आणि कळतं, ही सॅमस अरन, बाई आहे. त्या काळात हा धक्का मोठा होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नियम पाहा. खेळ जितका लवकर संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी, आणि सगळ्यात चपळ खेळाडूला ती बिकिनीत दिसते. जिने सगळा पराक्रम केला, तिलाच शेवटी इनाम म्हणून पुढे केलं जातं. 2005च्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये मारिओ पकडला गेला आणि राजकन्या त्याला सोडवायला निघाली. तिला मिळालेल्या शक्ती मात्र आनंद, राग, दुःख आणि शांतपणा अशा. रडली की अश्रूंच्या धारांनी रोपं वाढतात, रागावली की अंगातून ज्वाळा निघतात. त्यात कल्पकता नक्कीच आहे. तरी बाई म्हणजे मनाच्या लहरी, हा जुना समज त्या चार शक्तींत जसाच्या तसा उतरला आहे. याउलट 1996ची लारा क्रॉफ्ट. तिच्या अवास्तव देहावर टीका झाली, ती योग्यच होती. पण खेळाच्या आत ती धावते, पोहते, कडे चढते, कोडी सोडवते, आणि तिच्या सुटकेसाठी कुणा मारिओची गरज पडत नाही.

पुरुष नायकही कुठे खरे असतात, त्यांचेही दंड फुगवलेलेच, असं यावर हमखास म्हटलं जातं. खरं आहे, पण तो दंड ‘मी असा असतो तर’ असं खेळाडूला वाटावं म्हणून असतो, त्याने भिंत फुटते, शत्रू पडतो. बाईचा देह बहुतेकदा बघणाऱ्यासाठीच रेखाटलेला असतो. दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो: मुलगे खेळतात, तर त्यांच्या आवडीचंच बनणार. पण ‘पॅक-मॅन’ तोरू इवातानी यांनी 1980 साली बनवला तो बायकांनाही गेम पार्लरमध्ये यावंसं वाटावं म्हणून. 1982चा गाजलेला ‘रिव्हर रेड’ कॅरोल शॉ या स्त्रीने लिहिला. 1983 मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला आणि पुढे हे खेळ ‘खेळणी’ म्हणून विकले गेले, त्या दुकानांत मुलग्यांचा आणि मुलींचा विभाग आधीपासून वेगळा होता. गिऱ्हाइकाची आवड दुकानदार घडवतोही, हे बाजाराचा दाखला देणाऱ्यांनी विसरू नये. राहिली मेहनतीची सबब. 2014 साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त स्त्री म्हणून का खेळता येत नाही, याचं उत्तर मिळालं की काम दुपटीने वाढतं. त्याच मालिकेवर आधी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने तेव्हाच सांगितलं होतं, की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. चार वर्षांनी त्याच मालिकेतल्या ‘ओडिसी’त कसांड्रा किंवा तिचा भाऊ, कुणीही निवडता आलं आणि दोघांनाही सारखंच लढता आलं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 2020 साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढला. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती असतो आणि सर्कशीतली कसरत हीच तिची लढाईची रीत. भावाने बहिणीचं रक्षण करायचं, हे दर राखीला ऐकत आलेल्या समाजात हा उलटा प्रवास मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपण नुसता पाहत नाही. खेळणारा मुलगाही काही तास राजी होऊन भावासाठी लढतो. अशा आणखी कितीतरी राजी हव्यात. तोवर घरातल्या पोरांच्या हातचा मोबाइल ओढून घेण्याआधी जरा त्यांच्या शेजारी बसा, आणि त्या खेळातल्या बाईला काय काय करता येतं, ते त्यांनाच विचारा.