दम सोर, बाला

आमच्या जोहे गावात घराला पडवी असते ती बसायला नसते, गणपती वाळवायला असते. पेणहून पनवेलकडे येताना हमरापूर लागतं, तिथून आत वळलं की घराघरांत, माळ्यांवर, पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तीच मूर्ती. मुंबई-पुण्यात ‘पेणचा गणपती’ म्हणून जी मूर्ती घरी येते, ती पुष्कळदा पेण शहरातली नसते, आमच्या ह्या पट्ट्यातली असते. एका मूर्तीला किती हात लागतात! एक जण साचा भरतो, दुसरा घासकाम करतो, तिसरा पांढरा हात देतो, चौथा अंगाचा रंग मारतो. सर्वांत शेवटी आखणी. डोळे, भुवया, कपाळावरचं गंध. डोळे नीट उतरले नाहीत तर आधीच्या सगळ्यांची मेहनत फुकट. म्हणून आखणीचा हात कारखान्यात एखाददुसराच असतो. आमच्याकडे तो माझ्या आत्याचा होता.

मी गेली काही वर्षं रोज पहाटे श्वासाकडे लक्ष देऊन बसतो. त्यामुळे माझं मन थोडं एका जागी राहायला शिकलं, शरीरात काय चाललंय ते थोडं कळू लागलं. कुणी त्याबद्दल माझं कौतुक केलं की मी ओशाळतो, कारण हे मला आत्याने दिलं. तेही मी मध्ये सोडून दिल्यावर, पुन्हा एकदा.

मी सतरा वर्षांचा होतो. दोन सीझन घासकाम केलं होतं आणि आखणी शिकायची मला फार घाई होती. आत्या म्हणायची, अजून नको. श्रावणातल्या एका दुपारी ती कामासाठी पेणला गेली होती. दीड फुटी मूर्तींची एक ओळ अंगरंग होऊन डोळ्यांसाठी थांबली होती. मी तिच्या डब्यातला शून्य नंबरचा ब्रश घेतला. आखणी करताना श्वास रोखून धरायचा असतो, असं मी सगळ्यांकडून ऐकलं होतं. मी छाती भरून श्वास घेतला, धरला आणि रेघ ओढली. पहिली बरी आली. दुसरी थरथरली. सात मूर्तींचे डोळे मी खराब केले आणि ब्रश धुऊन जागच्या जागी ठेवून दिला.

संध्याकाळी काकांनी ते पाहिलं. कारखाना त्यांचा. माझ्याबरोबर घासकामाला एक मुलगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दुपारी तोच तिथे झाडत होता, म्हणून काकांचा संशय त्याच्यावर गेला. त्याची त्या दिवसाची मजुरी कापली गेली. मी समोर उभा होतो. काही बोललो नाही.

रात्री आत्याने मला हाक मारली. बल्ब खाली ओढून तिने एका मूर्तीचा डोळा उजेडात धरला आणि वरच्या पापणीची रेघ करंगळीच्या नखाने दाखवली. सुरुवात बारीक, मध्यावर जाड, आणि बाहेरच्या कोपऱ्याशी एकदम खाली ओढलेला आकडा. “दम धरून काढलेला डोला हाय ह्यो,” ती म्हणाली. “हितं दम फुटला.” मग शांतपणे म्हणाली, की तो पोरगा दम धरणाऱ्यातला नाही, तो तोंड उघडं ठेवून काम करतो. एवढंच. ती चिडली नाही. उद्या त्याची मजुरी तू तुझ्या पैशांतून दे आणि काकांना तूच सांग, म्हणाली. रात्रभर जागून तिने सातही मूर्तींचे डोळे पांढरे करून पुन्हा काढले.

मजुरी मी दिली. काकांना मात्र सांगितलं नाही. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कारखान्यात कुणी येण्याआधी, आत्याने मला शेडमध्ये गोणपाटावर बसवलं. ती रोजच तशी बसते हे मला माहीत होतं. आम्ही मुलं त्याला ‘आत्याचा जप’ म्हणायचो, पण तिच्या हातात माळ नसायची. बऱ्याच वर्षांपूर्वी, डोकेदुखीने ती हैराण झाली असताना, मुंबईच्या एका नातेवाईक बाईने तिला इगतपुरीला नेलं होतं. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका 1969 साली भारतात आले आणि सयाजी ऊ बा खिन ह्यांच्याकडून शिकलेली विपश्यना इथे शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं केंद्र. गोयंकांचीही सुरुवात जुनाट डोकेदुखीपासूनच झाली होती. आत्याला त्याचंच आधी नवल वाटलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं, हे तिला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. विसर्जनानंतरच्या रिकाम्या दिवसांत ती गेली आणि परत आली ती रोज पहाटे बसायची सवय घेऊनच.

तिने मला शिकवलं ते अगदी थोडं. नाकाच्या शेंड्याखाली, वरच्या ओठाच्या वर, येणारा श्वास लागतो का बघ. जाणारा लागतो का बघ. लांब करू नको, आखूड करू नको. मन गेलं की परत आण, रागवू नको. हे इगतपुरीचं. पण त्यात तिने आपल्या धंद्यातलं एक घातलं होतं. ब्रश धरताना ती श्वास पोटात सोडायला सांगायची, बेंबीच्या खाली. खांदे वर आले की मागून येऊन दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवायची आणि खाली दाबायची. महिनाभर मला मूर्तीला हात लावू दिला नाही. जुन्या वर्तमानपत्रावर, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत रेघा. श्वास आत घेताना ब्रश वर. श्वास सुटू लागला की ब्रश टेकवायचा, आणि श्वास संपून नवा यायच्या आधी जो एक निवांत क्षण असतो त्यात रेघ पुरी करायची. “दम धरू नको, बाला. दम सोर. तो सरता सरता रेघ सोर.”

पुढे मला ह्यामागचं शरीरशास्त्र समजलं. श्वास रोखला की छाती फुगलेली राहते, मानेचे आणि खांद्याचे स्नायू ताणलेले राहतात, तो ताण थेट मनगटात उतरतो. सोडताना श्वासपटल आपोआप सैल होतं, हृदयाचे ठोके किंचित संथ होतात, आणि उच्छ्वास संपल्यावर पुढचा श्वास येईपर्यंत सगळं अंग क्षणभर स्थिर असतं. नेम धरणारे खेळाडूही बऱ्याचदा तोच क्षण साधतात. आत्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला रेघ माहीत होती. कुठल्या रेघेत श्वास कुठे तुटला हे ती वाळलेल्या रंगावरून सांगायची.

तिसऱ्या वर्षी माझ्या आखणीला तिने हो म्हटलं. त्याच वर्षी मी मुंबईला नोकरीला गेलो. इमारतींचे आराखडे काढायचं काम. हात चांगला आहे म्हणून मला घेतलं होतं. तो कुणी घडवला हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

पहाटेचं बसणं दोन महिन्यांत सुटलं. गणपतीत गावी गेलो की आत्या हळूच विचारायची, “बसतंस नं?” मी हो म्हणायचो. दहा-अकरा वर्षं मी तिला हेच खोटं सांगत आलो. तिला कळत नसेल असं मला तेव्हा वाटायचं.

तिशी ओलांडली आणि माझं बिनसलं. आराखड्यात चुका होऊ लागल्या. एक पान वाचायला घेतलं की तिसऱ्या ओळीला मन भलतीकडे. लोकलमध्ये उभं असताना श्वास पुरत नाही असं वाटायचं, हाताला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय ठीक होतं. त्यांनी मला खुर्चीत बसवून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही खांद्यांनी श्वास घेता. मला त्या क्षणी गोणपाट आठवलं.

त्याच सुमारास एका मित्राकडे च्वांग त्झू ह्या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंताच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हाती आलं. त्यात एका सुताराची गोष्ट आहे. त्याने कोरलेली घंटेची चौकट पाहून लोकांना वाटतं, हे माणसाचं काम नव्हे. राजा त्याला विचारतो, तेव्हा तो सांगतो की काम हाती घेण्याआधी तो आपला ‘छी’, म्हणजे प्राण, श्वास, वाया जाऊ देत नाही. उपास करून मन स्थिर करतो. तीन दिवसांनी बक्षिसाचा विचार जातो, पाच दिवसांनी स्तुती-निंदेचा, सातव्या दिवशी आपल्याला हातपाय आहेत हेही तो विसरतो. मग जंगलात जातो. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो सुतार मला शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली बसलेला दिसत होता.

ताओ साधनेबद्दल मग जमेल तेवढं वाचलं. तिच्यातही रोज बसणं आहे, श्वास न ओढता-ढकलता बारीक होऊ देणं आहे, आणि लक्ष ठेवायची जागा आहे बेंबीच्या तीनएक बोटं खाली. त्या जागेला चिनी भाषेत ‘दान-थ्यान’ म्हणतात. थ्यान म्हणजे शेत आणि दान म्हणजे हिंगूळ. हिंगुळाचं शेत! चारी बाजूंनी भातखाचरं असलेल्या, रंगात हात बुडवून जगणाऱ्या गावच्या माणसाला हा शब्द परका कसा वाटेल? आत्याने ती जागा कुठल्या ग्रंथातून घेतली नव्हती. हात स्थिर राहावा म्हणून ती तिला सापडली होती. ताओची साधना मी कुणाकडून रीतसर शिकलेलो नाही, त्यामुळे तिच्याबद्दल अधिकाराने बोलत नाही. आत्याचं म्हणणं मला त्या वाचनाने पुन्हा ऐकू आलं, एवढंच.

मी इगतपुरीला गेलो. पहाटे चारला घंटा, साडेचारला बसणं, दिवसाकाठी दहाएक तास. आर्य मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा माझा जबडा जाणवला. दातावर दात घट्ट. जीभ टाळूला चिकटलेली. पोट आत ओढलेलं, जणू कुणी मारणार आहे. इतकी वर्षं मी ह्याच अंगात राहत होतो आणि मला त्याची काही खबर नव्हती. चौथ्या दिवसापासून तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं अधिष्ठान. त्या बसण्यात सात मूर्ती डोळ्यांसमोर आल्या, तो मुलगा आला, आणि मला रडू आलं.

तिथून थेट जोह्याला गेलो. आत्या ओट्यावर बसली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. कंपवात. दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात मी गावी फिरकलो नव्हतो, आणि मला घरातलं कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो आणि सांगितलं, आत्या, मी बसत नव्हतो. ती म्हणाली, “म्हाईत हाय.” आणि चहा ठेवायला सांगितला.

घरच्या गणपतीचे डोळे ती नेहमी चतुर्थीच्या आदल्या रात्री काढायची, सगळ्या ऑर्डरी गेल्यावर, अगदी शेवटी. त्या वर्षी तिने डबा माझ्यापुढे सरकवला. बारा-तेरा वर्षांनी मी शून्य नंबरचा ब्रश हातात घेतला. ती माझ्या मागे बसली होती. उजवा डोळा झाला. डावा झाला. ब्रश ठेवला तेव्हा मूर्तीपेक्षा माझं लक्ष माझ्या पोटाकडे होतं, ते सैल होतं, आणि मला आनंद झाला होता.

आत्या पुढे वाकली. बल्ब खाली ओढायला तिने मला सांगितलं. बराच वेळ ती बघत होती, हात मांडीवर हलतच होता.

“डाव्या डोल्यान मधीच दम घेतलास.”

मी पांढरा रंग उचलला. तिने माझ्या मनगटावर तो हलणारा हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी.”