डिचोलीचा डेंपो आणि आमचे बाबा

मागच्या आठवड्यात ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "गोव्यात फुटबॉल म्हणजे सासष्टीचा, आपल्या हिंदू घरांत क्रिकेट आणि दशावतार." वाचून बाबांची आठवण आली. ते असते तर भांडलेच असते.

माझं माहेर डिचोली, आजोळ पेडणे. गंमत बघा, गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली शिवोलीत, फादर लायन्स नावाच्या पाद्रींमुळे. शिवोली म्हणजे आमच्या पेडण्याच्या समोरच, मधे फक्त शापोरा नदी. पण पलीकडे बार्देश, जुनी काबिजाद. पेडणे, डिचोली नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे गेलेले. इकडे चर्च कमी, पाद्रींच्या शाळा कमी, त्यामुळे बॉलला नदी ओलांडायला बराच वेळ लागला. मामा लोक भात कापल्यावर मळ्यात खेळायचे खरे, पण रात्री दशावतार असला की संघातले निम्मे गायब!

डिचोलीत मात्र वेगळं झालं. इथे खाणी होत्या. बाबा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये. (कुठली खाण ते राहू दे.) लाल धूळ घेऊन घरी यायचे, आई अंगणातच पाण्याची बादली ठेवायची. डेंपो स्पोर्ट्स क्लबचं मूळ डिचोलीच्याच एका जुन्या संघात. खाणवाल्या डेंपोंनी तो हाती घेतला, १९६८ पासून डेंपो हे नाव. पुढे क्लब पणजीचा म्हणून ओळखला गेला. बाबांना हे अजिबात पटायचं नाही. "पणजीचो खंयचो? आमचो तो!" एरवी घरात मराठी बोलणारा माणूस फुटबॉलवर आला की कोकणीत शिरायचा.

मी कॉलेजात असताना ते मला फातोर्ड्याला न्यायचे. डिचोलीहून पणजी, तिथून मडगावची कदंब, परत येताना शेवटची बस चुकायची भीती. आई म्हणायची, "मुलीला कशाला नेता?" बाबा म्हणायचे, "मग कोणाला नेऊ?" मी एकुलती एक. स्टेडियममध्ये बायका थोड्याच, पण कोणी वाकडं बघितलेलं आठवत नाही.

५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. डेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या पोराने दोन गोल मारले. दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो खाली पडला तो उठलाच नाही. कप २-० ने आपला, आणि पोरगा गेला. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. क्लबने दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात डेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकला.

मग तर दिवसच होते ते. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, पुढे रँटी मार्टिन्स. २०१२ पर्यंत पाच वेळा देशाचं विजेतेपद, २००८ ला एएफसी कपची सेमीफायनल. एवढ्याशा गोव्याचा क्लब कोलकात्याच्या मोठ्यांना हरवायचा, आणि त्यात आपल्या मातीचा पैसा आहे असं बाबांना वाटायचं. तसं बघितलं तर २००९ मध्येच डेंपोंनी खाणींचा व्यवसाय सेझा गोवाला १,७५० कोटींना विकला होता. हे मी सांगितलं की ते पेपर उलटा करून ठेवायचे.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. बाबा रिटायर झालेले, पण फंडाचे पैसे घालून काकांबरोबर एक टिप्पर घेतला होता. तो दारात उभा राहिला. बँकेचे हप्ते आईच्या बांगड्यांतून गेले. मधे खाणी सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. तोपर्यंत टिप्पर भंगारात गेला होता.

क्लबचंही उतरतच गेलं. २०१५ ला डेंपो खालच्या विभागात घसरला, २०१६ ला तिथे जिंकून वर आला, आणि लगेच साळगावकर, स्पोर्टिंगबरोबर राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. आय-लीगला दुय्यम करायच्या महासंघाच्या बेताचा निषेध म्हणून. माझ्या मते निषेध बरोबरच होता, पण प्रेक्षकांचा विचार कोणी केला? बाबांनी टीव्हीवर आयएसएल लावायचं नाकारलं. "तो क्लब न्हय, ती कंपनी," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, डेंपो तरी काय होतं? त्यावर हसले फक्त.

डेंपो २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये परत आला. बाबा त्याच्या तीन वर्षं आधी गेले. माझा मुलगा आता सांखळीला खेळायला जातो, जिथे जुन्या खाणीच्या जागी सेझाची फुटबॉल अकादमी आहे. मोजे लाल करून येतो, आणि आई, वय ७६, अजून अंगणात बादली ठेवते.

डिचोलीच्या जुन्या संघाचे, साठच्या दशकातले फोटो कोणाच्या घरी असतील तर कॉमेंटमध्ये जरूर टाका. बाबा सांगायचे की एका फोटोत ते बाऊंड्रीच्या बाहेर, चड्डीत, संत्री सोलत उभे आहेत.